सदर इसम जिन्यावरून पडला

माझं अक्षर चांगलं आहे. हे मी माझ्या तोंडाने सांगत नाही, गेली सव्वीस वर्षं न्यायालयातले कारकून सांगतायत. दुसऱ्या ठाण्यांचे कागद आले की ते म्हणे आधी चष्मा पुसतात आणि मग कपाळाला हात लावतात. आमचा कागद आला की नुसता वाचतात. मी पोलीस ठाण्याचा लेखनिक. आमच्यात याला रायटर म्हणतात. पकडतात दुसरे, विचारतात दुसरे, ओरडतात तर सगळेच. मी फक्त लिहितो. माझ्या हातून झालेली शुद्धलेखनाची एक चूक दाखवा आणि माझी टोपी घेऊन जा, असं मी नव्या शिपायांना सांगत असे. एकाने खरंच प्रयत्न केला. 'पोलिस' की 'पोलीस' यावरून तो माझ्याशी तासभर भांडला आणि महिन्याभरात त्याची बदली चौकात वाहतूक आवरायला झाली. ती मी केली असं लोक म्हणतात. मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही.

तर ते वाक्य. ते माझं नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या आधीच्या रायटरने ते बसवलं होतं. जुनं ठाणं दुमजली होतं. कचेरी खाली, कोठडी वर, मधे लाकडी जिना. आणलेल्या माणसाला काही 'झालं', म्हणजे ओठ फुटला, दात हलला, कोपर सुजलं, तर रजिस्टरात लिहायचं: 'सदर इसम जिन्यावरून पडला.' चारच शब्द, पण सगळं जागच्या जागी. शिवाय क्रियापद अकर्मक. पडायला माणूस एकटा पुरतो, त्यात दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही. व्याकरणाने आमच्या खात्यावर याहून मोठे उपकार केलेले माझ्या पाहण्यात नाहीत.

सहा वर्षांपूर्वी ठाणं नव्या इमारतीत आलं. ही बैठी आहे. चार खोल्या, एक व्हरांडा, मागच्या बाजूला कोठडी. वर चढायचं म्हटलं तर खुर्चीवरच चढावं लागेल. सामानात कपाटं आली, टेबलं आली, बेड्या आल्या आणि त्यांच्याबरोबर ते वाक्यही आलं. जिना तेवढा तिकडे राहिला. पहिल्याच आठवड्यात एकाची बरगडी मोडली आणि मी हाताच्या सवयीने ते लिहून गेलो. लिहून झाल्यावर मान वर करून छताकडे पाहिलं, जरा ओशाळलो आणि टीपकागद दाबला. साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणाले, चालतंय, बघायला कोण येतंय. खरंच कुणी आलं नाही. तो बरगडीवाला धरून सहा वर्षांत आमच्या ठाण्यात चाळीस माणसं नसलेल्या जिन्यावरून पडली.

मग खात्यात सुधारणा आली. ती आधी एका तक्त्याच्या रूपात आली. कोठडीतल्या दुखापती, तारीख, अवयव आणि कारण असे रकाने. मी रजिस्टर समोर ठेवून इमानदारीने तक्ता भरला. वरच्या कचेरीत कोणीतरी सगळ्या ठाण्यांचे आकडे यंत्रात घातले आणि यंत्राने सांगितलं की जिन्यावरून पडण्यात आमचं ठाणं पहिलं आहे. आमच्या माणसांना हात आवरायला सांगा, असा त्यातून कुणी अर्थ काढला नाही. अर्थ असा काढला की आमचा जिना धोकादायक आहे. पंधरा दिवसांत एक मोठं खोकं आलं. त्यात पाय घसरू नये म्हणून पायऱ्यांवर चिकटवायच्या काळ्या पट्ट्या होत्या आणि 'जिना जपून उतरा' अशी पाटी होती. सोबत, माहिती न लपवता दिल्याबद्दल साहेबांचं कौतुक करणारं पत्र होतं. पत्र साहेबांनी भिंतीला लावलं. खोक्यावर पैलवान बसू लागला.

पैलवान म्हणजे आमचा हवालदार. कुस्ती तो कधीच खेळलेला नाही, पण अंगापिंडाने तसा आहे. व्हरांड्यातल्या कुंड्यांना रोज पाणी घालतो, पिवळं पान दिसलं की हळहळतो. माणूस म्हणून वाईट नाही असं मी म्हणणार होतो, पण पुढची हकीकत सांगायची आहे, त्यामुळे ते राहू द्या.

एक्केचाळिसावा माणूस म्हणजे आमचा शिंपी. आमचा म्हणजे अख्ख्या ठाण्याचा. आम्हा सगळ्यांचे गणवेश तोच शिवायचा. माझ्या खिशाला पेन तिरकं होऊ नये म्हणून आतून एक पट्टी त्याने मी न सांगताच लावून दिली होती. मोजकं बोलायचा, सुया ओठात धरून बोलायचा, त्यामुळे त्याचं अर्धं बोलणं समजायचंच नाही.

साहेबांच्या नव्या पँटचं माप घेताना कंबर बेचाळीस भरली. साहेब म्हणाले, अडतीस लिही. शिंपी म्हणाला, टेप बेचाळीस दाखवतेय. साहेब म्हणाले, टेपला काय कळतंय, तू अडतीस लिही. त्याने वहीत अडतीस लिहिलं आणि भीत भीत चाळीसची शिवली. तपासणीच्या दिवशी मोठे साहेब आले. आमच्या साहेबांनी टाचा जुळवून कडक सलाम ठोकला आणि मागून आवाज आला. आवाज सगळ्या मैदानाने ऐकला. मोठे साहेब हसले. ते हसले नसते तर शिंप्याचा हात आज धड असता असं मला वाटतं.

दुपारी तीनला त्याला आणलं. गुन्हा काय, तर सरकारी गणवेशाची जाणूनबुजून नासाडी. साहेबांनी विचारलं, माप कुणाचं? तो म्हणाला, तुम्हीच सांगितलेलं. हे उत्तर खरं असल्यामुळे उद्धट ठरलं. पैलवानने त्याचा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि साहेबांनी दांडकं घेतलं. मी शेजारच्या खोलीत होतो. मधे दार होतं आणि ते उघडं होतं. मी एका सायकलचोरीचा पंचनामा लिहीत होतो, त्यातली मागच्या चाकाची ओळ मी तीनदा लिहिली.

मनगट आणि दोन बोटं. साहेब हात पुसत बाहेर आले आणि नेहमीचं लिहा म्हणाले. मी नेहमीचं लिहिलं. या वेळी त्यांनी एक गोष्ट वाढवली. शिंप्याने मोठ्या साहेबांकडे जाऊ नये म्हणून आरोपपत्रात घातलं की हा कोठडीतून पळत होता, पळतानाच जिन्यावरून पडला. कोठडीतून पळणं हा वेगळा गुन्हा आहे. त्याला दोन वर्षं आहेत. एका फाटलेल्या शिवणीपायी दोन वर्षं. मला हे अति वाटलं. मी तसं बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको आली. दुकानात काजं-बटणं तीच करायची, त्यामुळे आम्ही सगळे तिला वहिनी म्हणायचो. रडारड नाही, आरडाओरडा नाही. पैलवानला तिने एवढंच विचारलं, की जिना कुठे आहे. पैलवानने डोकं खाजवलं आणि साहेब कामात आहेत म्हणाला. ती बाकावर बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. येताना कुणाचे तरी सदरे घेऊन यायची आणि बसल्या बसल्या बटणं लावायची. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तोच प्रश्न. एकदा एक तक्रारदार तिलाच विचारत होता, बाई, पाकीट हरवल्याची तक्रार कुठे देतात? तिने त्याला बरोबर टेबल दाखवलं आणि वर विचारलं, तुम्हाला इथे कुठे जिना दिसला का?

पाचव्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली.

"भाऊ, ते तुम्ही लिहिलंत ना?"

मी हो म्हणालो.

"पडताना बघितलंत त्यांना?"

मी म्हणालो, वहिनी, आम्ही बघत नाही, आम्ही लिहितो. बोलून गेल्यावर मलाच कसंसं झालं.

"ते पडले नाहीत, भाऊ. त्यांना पाडलंय. तुम्हाला शब्द माहीत आहेत, म्हणून तुम्हाला सांगतेय."

यावर मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, नोंदीत 'पडला' असं लिहायची पद्धत आहे. सव्वीस वर्षांत मी बरीच मूर्ख वाक्यं लिहून घेतली, पण एवढं मूर्ख कुणी बोललेलं आठवत नाही.

मग तिने अर्ज दिला. एका ओळीचा. 'माझे पती ज्या जिन्यावरून पडले तो जिना मला दाखवावा ही विनंती.' त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. मी त्या सवयीने शोधल्या आणि पहिल्यांदाच लाल पेन उचललं नाही. अर्जाची एक प्रत तिने तो तक्ता मागवणाऱ्या सुधारणा समितीलाही पाठवली होती. समितीला आनंदच झाला. त्यांच्या यादीतला सगळ्यात महत्त्वाचा जिना आमचाच होता. पत्र आलं, की समिती शुक्रवारी जिन्याची पाहणी करायला येत आहे. अर्जदार बाई आणि आरोपी हजर असावेत, गेल्या सहा वर्षांतल्या नोंदींची स्वच्छ यादी तयार असावी. शिंप्याची न्यायालयातली तारीख त्याच्या पुढच्या सोमवारी होती. जिना आहे असं समितीने लिहून दिलं की पळणंही खरं ठरणार, हे मला कळत होतं, वहिनीला कळत होतं आणि साहेबांना सगळ्यात आधी कळलं.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि सांगितलं, जिना बांधा.

सोमवारी दुपारी गवंडी आला. त्याला व्हरांड्याच्या टोकाची भिंत दाखवली. त्याने पट्टी काढली, ओळंबा सोडला आणि विचारलं, वर कुठे जायचंय? साहेब म्हणाले, कुठे नाही. गवंडी म्हणाला, जिना कुठेतरी जावा लागतो, नाहीतर उंची कशी काढायची? साहेब म्हणाले, अकरा पायऱ्या कर. गवंडी म्हणाला, अकरावी तर छताला टेकेल, चढणाऱ्याचं डोकं आपटेल. साहेब म्हणाले, मग दहा कर, माझं डोकं खाऊ नको. माणूस कामाचा पक्का. फुकट जाणारा जिना बांधायचा म्हणून त्याने त्यात कसूर ठेवली नाही. प्रत्येक पायरी सूत लावून सारखी केली.

मंगळवारी पाणी पिताना तो माझ्यापाशी टेकला. त्याने विचारलं, हा जिना कशासाठी? मी सांगितलं. सांगायला नको होतं, पण विचारणाऱ्याच्या तोंडावर सिमेंट उडालेलं असलं की मला खोटं बोलवत नाही. त्याने पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी मलाही आणलं होतं. भिंत वाकडी आली म्हणून मालकाने तक्रार केली होती. सुटताना मला कागद दिला, त्यात लिहिलं होतं मी जिन्यावरून पडलो. मी घरी जाऊन लई विचार केला, कुठल्या जिन्यावरून." त्याने मान वळवून आपल्याच अर्ध्या झालेल्या कामाकडे पाहिलं. "म्हणजे हाच तो."

मी रजिस्टर काढून पाहिलं. तेहतिसावी नोंद. डावी बरगडी. अक्षर सुंदर होतं.

बुधवारी जिना झाला आणि साहेबांच्या लक्षात आलं की तो नवा दिसतोय. नवा जिना जुन्या गुन्ह्याला चालत नाही. म्हणून अख्ख्या ठाण्याला हुकूम झाला, की चिखलाचे बूट घालून दिवसभर चढ-उतर करायची. गुन्हे राहिले बाजूला. सकाळपासून दहा शिपाई एकामागे एक चढत होते, भिंतीला नाक लागलं की वळत होते आणि खाली उतरत होते. पाकीट हरवलेला माणूस चौकशीला आला होता, तो हे बघून तसाच परत गेला. काळ्या पट्ट्या ओल्या सिमेंटवर चिकटेनात, म्हणून पैलवानने त्या खिळ्यांनी ठोकल्या. त्याच दुपारी पैलवान, बादली हातात घेऊन उतरताना, सातव्या पायरीवरून खरोखरचा पडला. घोटा सुजला. मी रजिस्टर उघडलं, पेन टेकवलं आणि अडकलो. खरं पडणं लिहायला माझ्याकडे वाक्यच उरलं नव्हतं. जे होतं ते कुणी खरं मानलं नसतं. दवाखान्यातल्या डॉक्टरने पैलवानला बाजूला घेऊन हळूच विचारलं म्हणे, कुणी मारलं, सांगा, घाबरू नका.

गुरुवारी मी यादी लिहायला बसलो. चाळीस ओळी, चाळीस वेळा तेच चार शब्द. हात आपोआप चालत होता. वहिनी समोरच्या बाकावर बटण लावत होती, दोरा दाताने तोडत होती. एक्केचाळिसाव्या ओळीला मी शिंप्याची तारीख लिहिली, अवयव लिहिला आणि कारण लिहिलं. टीपकागद दाबला, साहेबांची सही घेतली. त्यांनी वाचली नाही, माझं लिखाण ते कधी वाचत नाहीत. मीही पुन्हा वाचली नाही, मला तशी गरज पडत नाही. मी ते मुद्दाम केलं, असं सांगायला मला आवडलं असतं. चारचौघांत सांगितलंही असतं. पण तसं झालं नाही. कानात तिचं वाक्य होतं आणि हाताने कानाचं ऐकलं.

शुक्रवारी समिती आली. तिघं होते. त्यातले दोघं गाडीतून उतरल्यापासून घड्याळाकडे बघत होते. तिसऱ्या अध्यक्षबाई, निवृत्त न्यायाधीश, केस पांढरे, चप्पल साधी. शिंपी कोठडीतून आणला होता, हात प्लास्टरमध्ये, कोपरापासून गळ्यात बांधलेला. वहिनी त्याच्या शेजारी उभी राहिली. एखादी पायरी ऐन वेळी ढासळली तर लिंपायला म्हणून गवंड्यालाही थांबवून ठेवलं होतं.

बाई दहाही पायऱ्या चढल्या आणि वर जाऊन भिंतीला हात लावला.

"हा जातो कुठे?"

"नियोजित पहिल्या मजल्यावर, मॅडम," साहेब म्हणाले.

बाईंनी ते लिहून घेतलं. मग वरूनच विचारलं, की आरोपी पळत होता म्हणता, तर तो या भिंतीकडे कशाला पळत होता? साहेब म्हणाले, घाबरलेला माणूस दिशा बघत नाही. बाईंनी तेही लिहून घेतलं. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. एका सभासदाने पट्ट्यांचे खिळे मोजले आणि व्यवस्था समाधानकारक आहे म्हणाला. मी वहिनीकडे पाहिलं. दोन आठवडे ती जो जिना मागत होती तो तिच्यासमोर उभा होता, दहा पायऱ्यांचा, पाटीसकट. तिचा चेहरा एवढासा झाला होता. तिने मागितलं ते आम्ही दिलं होतं, आणि त्यातच तिचा नवरा बुडणार होता.

आत टेबलापाशी बसून बाईंनी यादी मोठ्याने वाचायला घेतली. सदर इसम जिन्यावरून पडला. सदर इसम जिन्यावरून पडला. दहाव्या ओळीला एका सभासदाला जांभई आली. विसाव्या ओळीला दुसऱ्याला. बाई वाचत राहिल्या, एकही ओळ न गाळता. एक्केचाळिसाव्या ओळीवर त्या थांबल्या आणि चष्मा वर सरकवला.

"सदर इसम जिन्यावरून पाडला."

साहेब हसले. ते म्हणाले, काना जास्त पडलाय, मॅडम. लेखनिकाची चूक, आत्ता खोडतो तो. आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात सगळं होतं, माझी निवृत्तीला राहिलेली तीन वर्षं, माझी खुर्ची, माझी बदली कुठल्या कोपऱ्यात होऊ शकते तेही. माझ्यावर काही जड काम नव्हतं. 'चूक झाली' म्हणायचं, एक तिरकी रेघ मारायची, शेजारी आद्याक्षर करायचं.

"चूक आहे का?" बाईंनी मला विचारलं.

मी तोंड उघडलं. आता जे झालं त्याला लोक धाडस म्हणतात, म्हणू द्या, मला माहीत आहे ते काय होतं. ते माझं शुद्धलेखन होतं. सव्वीस वर्षांत 'चूक' हा शब्द मी स्वतःबद्दल कधी उच्चारला नव्हता आणि तो माझ्या जिभेवर येईना. समोर शिंपी प्लास्टरकडे बघत उभा होता. मला त्याची कणव आली, लाज वाटली, हे सगळं खरं आहे. पण आधी आली ती घमेंड.

"माझ्या लिखाणात काना जास्त पडत नाही, मॅडम."

"मग वरच्या चाळीस ओळींत?"

सुटायला आता जागा नव्हती. एक शब्द बरोबर म्हटला की बाकीचे उघडे पडत होते.

"तिथे द्यायचा राहिलाय."

साहेब उठून उभे राहिले. बाईंनी त्यांना बसायला सांगितलं आणि मला म्हणाल्या, पाडला म्हटलं की कुणी ते सांगावं लागतं. मी म्हणालो, हो, क्रियापद सकर्मक आहे. मग मी सांगितलं. दांडकं कुणी घेतलं, हात कुणी धरला आणि दार उघडं असताना शेजारच्या खोलीत कोण लिहीत बसलं होतं. ठाणं बैठं आहे आणि जिना बुधवारी झाला, हेही सांगितलं. पैलवान खाली बघत होता. तो मधेच म्हणाला, हात मी धरला होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. शिंप्यावरचा पळण्याचा आरोप सोमवारी पडला; इथे 'पडला' बरोबर आहे. पण त्याची बोटं पूर्ण वळत नाहीत. तो आता कापड बेततो, शिवण वहिनी मारते. साहेबांची चौकशी चालू आहे, आणि ती चालू असताना त्यांना काम हवं म्हणून त्यांची नेमणूक प्रशिक्षण केंद्रात झाली आहे. नव्या भरतीला ते मानवी वागणूक शिकवतात. समितीच्या अहवालात चौदा शिफारशी आहेत. पहिली, ठाण्यांतल्या लेखनिकांसाठी शुद्धलेखनाचे वर्ग. माझी बदली बेवारस वस्तूंच्या गोदामात झाली. तिथे छत्र्या फार आहेत. लिहायचं काम नाही.

त्या दुपारचं एवढंच राहिलं. बाई म्हणाल्या, यादी नको, मूळ रजिस्टर आणा, आणि दुरुस्ती माझ्यासमोर करा, प्रत्येक ठिकाणी आद्याक्षरासकट. मी रजिस्टर आणलं. पेनात शाई भरली. पहिली नोंद काढली, प आणि ड यांच्या मधे जागा अगदी थोडी होती, तिथे उभी रेघ दिली, शेजारी आद्याक्षर केलं. मग दुसरी. काही नोंदींची माणसं मला चेहऱ्याने आठवत होती, काहींची फक्त अवयवाने. सत्ताविसावी नोंद एका म्हाताऱ्याची होती, तो दवाखान्यातून परत आलाच नाही. तिथे रेघ वाकडी आली. सव्वीस वर्षांत माझी रेघ वाकडी आली नव्हती. मी ती तशीच ठेवली, नवी काढली नाही.

तेहतिसाव्या नोंदीला गवंडी टेबलाशी येऊन वाकला. त्याने बोटाने जागा दाखवली. "हा माझा. जरा ठळक द्या." मी दोनदा गिरवला.

वहिनी माझ्या खांद्यामागे उभी होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, रागाने नव्हे, एखादा टाका कसा घातला ते बघून विचारावं तसं.

"एवढंच होतं का, भाऊ?"

"हो, वहिनी," मी म्हणालो. "एवढंच."

आणि मी चौतिसावी नोंद काढली.